जानेवारीचा लोड जुलैत का अडला?

ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळून एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते दोन वर्षांपासून .३०८ विंचेस्टरच्या बोल्ट रायफलसाठी घरी हँडलोडिंग करतात, म्हणजे काडतुसं स्वतः भरतात. जानेवारीत १६८ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) मॅच बुलेटचा एक लोड, म्हणजे बुलेट, पावडर आणि मापाची ठरावीक जुळणी, उत्तम बसला, म्हणून त्यांनी त्याच मापाची दीडशे काडतुसं भरून ठेवली. जुलैत तीच रेंजवर नेली. तिसऱ्या काडतुसाला बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा दांडा) उघडेना, तळहाताने ठोकून उघडावा लागला आणि प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, पावडर पेटवणारी टिकली) सपाट झालेला दिसला. वहीत त्या लोडची नोंद एवढीच आहे: पावडरचं नाव, मापाचा (पावडरच्या वजनाचा) आकडा, ‘मस्त ग्रुप, हेच पक्कं’. (ग्रुप म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका.) केसेस (काडतुसांची पितळी नळकांडी) काही विकतच्या, काही रेंजवर वेचलेल्या. ते विचारतात: चूक कुठे झाली, नोंदी कशा ठेवायच्या, तीन गोळ्यांचे ग्रुप पुरेत का, वही बरी की एक्सेल, आणि कोल्हापुरात नेमबाजी करणाऱ्या त्यांच्या मावसभावाला यातलं काही उपयोगी पडेल का.

नमस्कार.

आधी त्या उरलेल्या काडतुसांबद्दल. त्यातलं एकही झाडू नका. ‘हिवाळ्यात वापरू’ म्हणून बाजूलाही ठेवू नका, कारण बोल्ट थंडीनेच वाचला होता की दुसऱ्या कशाने, हे तुमची वही सांगत नाही. ती सगळी मोडायला घ्या. मोडतानाच तुमची पहिली खरी नोंद होईल.

डोळ्यांवर चष्मा लावा आणि प्रत्येक काडतुसाची बुलेट काढताना चार गोष्टी लिहा: केसच्या बुडावरची छाप, केसची लांबी, काडतुसाची एकूण लांबी आणि आतून निघालेल्या पावडरचं वजन. दीडशेच्या दीडशे मोजायची गरज नाही. विकतच्या केसमधली दहा आणि वेचलेल्या केसमधली दहा नीट मोजा. त्याआधी तराजूवर ठरावीक वजनाचा तुकडा ठेवून तराजू बरोबर दाखवतो का ते पाहा. वीसही मापं वहीतल्या आकड्याच्या ०.१ ग्रेन इकडेतिकडे निघाली, तर तराजू आणि हात दोघेही संशयातून सुटले. पाच-सहा मापं सारख्याच फरकाने जड निघाली, तर त्या रात्री तराजू सरकला होता. काढलेली पावडर डब्यात परत ओतू नका. तिचा लॉट (कारखान्यातल्या कोणत्या खेपेची ते) तुम्हाला माहीत नाही, म्हणून ती अनोळखी पावडर धरायची आणि अनोळखी पावडर वापरायची नाही.

बोल्टबद्दल तुम्ही ‘अडकला’ एवढंच लिहिलं आहे. सुदैवाने पत्रात पुढे ‘उघडेना’ असा शब्द आहे. हा फरक यापुढे दर वेळी लिहा. बोल्ट बंद करताना जड गेला तर कारण बहुधा केसच्या मापात असतं: केसचा खांदा (मानेखालचा उतार) पुरेसा मागे बसलेला नाही, केस लांब झाली आहे किंवा बुलेट रायफलिंगला (नळीच्या आतल्या पिळदार खाचांना) टेकते आहे. गोळी सुटल्यावर उघडताना जड गेला तर ती दाबाची खूण आहे. दोन्हींचे उपाय निराळे आहेत. नुसत्या ‘अडकला’वरून महिन्याभराने तुम्हालाच काही कळणार नाही.

आता संशयित. तुमच्या पत्रावरून निदान पाच दिसतात.

पहिली उष्णता. तुमच्याकडे जानेवारीची सकाळ ४५-५० अंश फॅरनहाइट, जुलैची दुपार ११० च्या आसपास, आणि बंद गाडीत काडतुसं १४० च्या वरही जातात. उष्णतेला संवेदनशील पावडर असेल तर एका अंशामागे वेग सेकंदाला साधारण एक फूट वाढू शकतो. साठ अंशांच्या फरकाला साठ फूट, आणि वेग आपोआप वाढत नाही, त्यामागे दाब वाढलेला असतो. काही पावडरी मुद्दाम उष्णतेला कमी दाद देणाऱ्या बनवलेल्या असतात, पण ‘कमी’ म्हणजे ‘शून्य’ नाही.

दुसरी केस. रेंजवर वेचलेल्या पितळात लेक सिटी कारखान्याची लष्करी ७.६२ केस (.३०८ ची लष्करी जोडीदार) असेल तर तिच्या भिंती बऱ्याच विकतच्या .३०८ केसेसपेक्षा जाड असतात. आतली जागा कमी, म्हणून तेवढ्याच पावडरला दाब जास्त. शिवाय ती आधी कुठल्या बंदुकीत आणि किती वेळा झाडली गेली, हे कोणालाच माहीत नसतं.

तिसरी केसची लांबी. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, छाटून २.००५ वर आणायची असा प्रघात आहे. केस त्याहून लांब वाढली तर तिचं तोंड चेंबरच्या (नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या) टोकाला जाऊन बुलेटभोवती आवळलं जातं. मग बुलेट सुटायला जोर लागतो आणि दाब उसळतो.

चौथा, लॉट किंवा प्रायमर मध्येच बदलला असण्याची शक्यता. पाचवा, तराजू.

जानेवारीच्या पानावर तापमान, केसची छाप, लांबी, प्रायमरचा आणि पावडरचा लॉट असता, तर या पाचांतले तीन-चार घरबसल्या बाद झाले असते. नोंद करताना एकच कसोटी लावा: हे पान दुसऱ्या कोणा जाणकाराच्या हाती दिलं, तर तुम्हाला एकही प्रश्न न विचारता त्याला तेच काडतूस बनवता आलं पाहिजे, आणि काही बिघडलं तर कोणती गोष्ट बदलली होती हे त्याला सापडलं पाहिजे.

पान कसं भरायचं ते क्रमाने सांगतो.

प्रत्येक घाण्याला एक क्रमांक द्या. घाणा म्हणजे एका बैठकीत, एका मापाने, एकाच जातीच्या सामानाने भरलेली काडतुसं. ३०८-०१४ असा साधा क्रमांक पुरे. हाच क्रमांक वहीत, डब्याच्या चिठ्ठीवर आणि रेंजवरच्या कागदी लक्ष्यावर लिहायचा. चिठ्ठी झाकणावर नको, डब्याच्या आत हवी. झाकणं अदलाबदल होतात. ‘नवीन चांगले’ असं लिहिलेले डबे कपाटात आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांचीही गत त्या दीडशेसारखीच करावी लागेल.

भरायला बसण्याआधी पानाच्या माथ्यावर मॅन्युअल (लोडची मापं देणारं पुस्तक) लिहा: कोणत्या कंपनीचं, कोणती आवृत्ती, कोणतं पान, तिथे दिलेलं सुरुवातीचं माप आणि कमाल माप. बुलेट कंपनीचं आणि पावडर कंपनीचं मॅन्युअल एकाच जोडीसाठी वेगळे आकडे देतात, कारण त्यांची चाचणीची बंदुकीची नळी, केस आणि प्रायमर वेगळे असतात. दोन्ही लिहा आणि त्यांतल्या कमी कमाल मापाला मर्यादा माना. ‘इथे थांबायचं’ हा आकडा पहिलं काडतूस भरण्याआधी शाईने लिहून टाका. रेंजवर ग्रुप आवळत चालला की ‘अजून थोडं’ असं मनात येतंच. तेव्हा आधी लिहिलेला आकडा कामाला येतो. (मापाचे आकडे या उत्तरात मुद्दाम दिलेले नाहीत. ते मॅन्युअलमधूनच घ्यायचे, सदरातून किंवा मित्राकडून नव्हे.)

मग सामान. पावडरचं नाव पूर्ण लिहा, अक्षरांसकट. नुसतं ‘४३५०’ लिहू नका: एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत, त्यांची मापं एकमेकींना लावायची नसतात. ४८३१ चंही तसंच. नावापुढे डब्यावरचा लॉट क्रमांक आणि डबा उघडल्याची तारीख. प्रायमरचा मेक, प्रकार आणि लॉट. बुलेटचा मेक, वजन, आकार आणि लॉट. केसचा मेक, कितव्यांदा भरली जाते आहे, केव्हा छाटली, तोंड तापवून मऊ केलं असेल तर केव्हा, खांदा किती हजारांश इंच मागे बसवला.

लांबी दोन प्रकारे लिहा. एकूण लांबी, म्हणजे बुडापासून टोकापर्यंत, मॅगझिनमध्ये बसतं का हे पाहायला लागते; .३०८ साठी प्रमाण कमाल २.८१० इंच आहे. पण मॅच बुलेटची टोकं सारखी नसतात, एकाच डब्यातल्या बुलेट टोकाशी पाच-दहा हजारांशांनी कमीजास्त निघतात. म्हणून बुडापासून बुलेटच्या फुगीर भागापर्यंतची, म्हणजे ओजाइव्हपर्यंतची लांबी कॅलिपरला कंपॅरेटर (बुलेटवर बसणारा भोकाचा तुकडा) लावून मोजा. ती एकसारखी येते. इथे एक खाच आहे: हा आकडा तुमच्या कंपॅरेटरच्या तुकड्यावर अवलंबून असतो. दुसऱ्या मेकचा तुकडा लावला की तेच काडतूस वेगळा आकडा दाखवेल. म्हणून आकड्यापुढे तुकड्याचा मेक आणि क्रमांक लिहा.

आकड्यांबद्दल मराठी माणसाला खास सांगावं लागतं. तुम्ही वही मराठीत ठेवता, ते चांगलंच आहे. पण तराजू आणि कॅलिपरच्या पडद्यावर इंग्रजी आकडे येतात आणि हात कधी मराठी, कधी इंग्रजी आकडे लिहितो. घाईत लिहिलेला मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठी एक इंग्रजी नवासारखा. एका पानावर दोन्ही लिप्या आल्या की तो आकडा पुराव्याच्या कामाचा राहत नाही. वर्णन मराठीत लिहा, आकडे मात्र फक्त इंग्रजी. एकाहून लहान आकड्याआधी शून्य लिहा आणि दशांशचिन्ह ठळक करा. एकक पूर्ण शब्दात लिहा. ‘ग्रे.’ आणि ‘ग्रॅ.’ यांत एका मात्रेच्या रेघेचा फरक आहे, आणि एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन असतात. तराजूवरचं एकक बदलायचं बटण चुकून दाबलं जातं, म्हणून बैठकीच्या सुरुवातीला ‘तराजू ग्रेनवर’ अशी खूणही करा.

माप कोणी वाचून दाखवत असेल तर साडे, सव्वा, पावणे नको. ‘साडेबेचाळीस’ आणि ‘साडेत्रेचाळीस’ प्रेसच्या (काडतुसं भरायच्या यंत्राच्या) आवाजात सारखेच ऐकू येतात आणि त्यांच्यात पूर्ण एका ग्रेनचा फरक आहे. अंक सुटे म्हणायचे: चार, दोन, पॉइंट, पाच. ऐकणाऱ्याने ते परत म्हणायचे.

भरताना टेबलावर एकच पावडर आणि एकच डबा. पावडर मोजायच्या यंत्राच्या नळीत उरलेली पावडर बैठक संपताच मूळ डब्यात परत. रात्रभर नळीत राहिली तर सकाळी तिला नाव नसतं. तराजू तापू द्या, एसीचा झोत आणि मोबाइल दूर ठेवा आणि ठरावीक वजनाचा तुकडा तीनदा ठेवा: सुरुवातीला, मध्ये, शेवटी. तिन्ही वाचनं लिहा. मधलं बिघडलं तर तिथून मागची काडतुसं पुन्हा तपासता येतात. शेवटचंच एक वाचन असेल तर सगळा घाणाच संशयित होतो.

वहीत जे ठरवलं ते नाही, जे झालं ते लिहायचं. पाच काडतुसं ठरली होती, चार झाली, एक केस तडकली, तर तसंच लिहा. चुकलेला आकडा खोडरबरने पुसू नका. एकच आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा. खालचा आकडा वाचता आला पाहिजे, कधी कधी तोच खरा निघतो.

लोड शोधताना मॅन्युअलच्या सुरुवातीच्या मापापासून वर चढायचं. .३०८ एवढ्या केसला ०.३ ग्रेनच्या पायऱ्या ठीक आहेत. रेंजवर प्रत्येक गोळीची वेगळी ओळ हवी: क्रम, माप, वेग, बोल्ट बंद करताना कसा, उघडताना कसा, प्रायमर कसा दिसतो, केसच्या बुडावर इजेक्टरच्या (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकाची चमकदार खूण आहे का. पाच वेगांची सरासरी काढून सुटे वेग टाकून देणं ही फार नेहमीची चूक आहे. सुटे वेग क्रमाने असले तर पहिली गोळी थंड नळीतून हळू गेली, की शेवटच्या दोन तापलेल्या चेंबरमध्ये मिनिटभर पडून राहिल्याने पुढे पळाल्या, हे दिसतं. सरासरीत हे सगळं बुजतं.

दाबाच्या खुणांवर एक इशारा. सपाट प्रायमर, जड बोल्ट, बुडावरची चमक या गोष्टी दाब वाढत असताना हळूहळू सूचना देतात, असा समज आहे. तो चुकीचा आहे. मऊ प्रायमर सुरक्षित दाबालाही सपाट होतो, आणि कडक पितळ दाब मर्यादेपार गेला तरी काही दाखवत नाही. खूण दिसली म्हणजे तुम्ही बहुधा हद्द ओलांडून पुढे आला आहात. थांबा, उरलेली त्या मापाची आणि त्यावरची काडतुसं मोडण्यासाठी बाजूला ठेवा आणि तसं लिहा. खूण दिसली नाही हेही लिहा. रिकामी जागा म्हणजे ‘पाहिलं, काही नव्हतं’ की ‘पाहिलंच नाही’, हे नंतर कळत नाही. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) इथे जास्त भरवशाचा साक्षीदार आहे: मॅन्युअलमध्ये कमाल मापाला जो वेग दिला आहे तो तुम्हाला तेवढ्याच लांबीच्या नळीतून कमी मापालाच मिळू लागला, तर दाबही तिथे पोचलेला आहे. ‘माझी रायफल वेगवान आहे’ असं समजून वर चढू नका.

त्याच पानावर हवेचं तापमान, काडतुसं सावलीत होती की उन्हात, ठिकाणाची उंची, क्रोनोग्राफ कोणता आणि नळीला बांधलेला की बाजूला ठेवलेला, हे लिहा. नळीला बांधायचा क्रोनोग्राफ गोळी पडण्याची जागा हलवतो, त्यामुळे त्या दिवशीचे ग्रुप दुसऱ्या दिवसाच्या ग्रुपशी ताडून पाहायचे नाहीत. लक्ष्याचा कागद फेकू नका. त्यावर घाण्याचा क्रमांक, अंतर, तारीख लिहून फोटो काढा.

तीन गोळ्यांचे ग्रुप. यावर थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण ‘मस्त ग्रुप’ या दोन शब्दांवर तुम्ही दीडशे काडतुसं भरलीत.

ग्रुपचं माप म्हणजे सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर. गोळ्या वाढल्या की ते वाढणारच, कारण लांबचं भोक पडायची संधी वाढते. तीच रायफल आणि तोच लोड घेऊन पाच गोळ्यांचे पुष्कळ ग्रुप झाडले आणि सरासरी एक इंच आली, तर तीन गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी पाऊण इंचाच्या आसपास येते आणि दहा गोळ्यांची सव्वा इंचाच्या. लोड बदललेला नसतो, फक्त मोजायची पद्धत बदललेली असते. त्यात तीन गोळ्यांचा एकेक ग्रुप या सरासरीभोवती फार हेलकावे खातो. सहा मापांचे सहा ग्रुप झाडले तर त्यातला एक निव्वळ योगायोगाने सुंदर दिसेल, आणि आपण तोच उचलतो.

वेगातल्या चढउताराचंही तेच. पाच गोळ्यांवरून प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती पसरतो त्याचं माप) ८ फूट आलं, तर खरा आकडा दहापैकी नऊ वेळा ५ ते १९ च्या दरम्यान कुठेही असतो. दहा गोळ्यांवरून तोच ८ आला तर ६ ते १३. वीस गोळ्यांवरून ६ ते ११. म्हणजे पाच गोळ्यांच्या जोरावर ‘या लोडचं विचलन ८ आणि त्याचं १२, म्हणून हा चांगला’ असं म्हणता येत नाही.

मग करायचं काय? दुर्बिणीचे आकडे न बदलता, एकाच नेमबिंदूवर, वेगवेगळ्या दिवशी पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप झाडा. प्रत्येक भोक नेमबिंदूपासून किती डावीउजवीकडे आणि किती वरखाली आहे ते मोजून लिहा. वीस भोकांचा एकत्र मध्य काढा आणि मध्यापासून प्रत्येकाचं अंतर घेऊन सरासरी काढा. या आकड्यात वीसही गोळ्या बोलतात. लांबच्या दोनच बोलत नाहीत. शिवाय दिवसागणिक मध्य सरकतो आहे का, हेही कळतं. ‘ती एक गोळी माझ्या हाताने गेली’ म्हणून वगळायची असेल तर ते गोळी सुटल्याक्षणी, भोक पाहण्याआधी लिहायचं. भोक पाहून केलेली वगळणी धरायची नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि नोंदीत तोच आधी मोडतो. नवा पावडरचा डबा फोडला आणि त्याच आठवड्यात बुलेट पाच हजारांश खोल बसवली. ग्रुप सुधारला तर कशाने? म्हणून पानावर ‘मागच्या घाण्यापासून काय बदललं’ अशी एक ओळ कायम ठेवा. तिथे दोन गोष्टी आल्या तर भरणं थांबवा. पावडर, प्रायमर, बुलेट किंवा केस यांतलं काही बदललं, पावडरचा नुसता लॉट जरी बदलला, तरी माप खाली आणून पुन्हा वर चढायचं. कमाल मापाजवळच्या लोडला तर हे टाळताच येत नाही.

वहीच्या मागच्या बाजूला दोन कायमचे हिशेब ठेवा. एक नळीचा: आजवर किती गोळ्या, केव्हा साफ केली, ॲक्शनचे (बोल्ट बसतो त्या भागाचे) स्क्रू किती ताणाने आवळले. नवी नळी पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत बऱ्याचदा वेग वाढवते. त्या काळात ठरवलेला लोड नंतर गरम, म्हणजे जादा दाबाचा, होऊ शकतो. पुढे नळीचा घसा (चेंबरपुढचा भाग) झिजत जातो आणि रायफलिंग बुलेटपासून दूर सरकतं, तेव्हा दर काहीशे गोळ्यांनी ते अंतर पुन्हा मोजून तारखेसह लिहा. दुसरा हिशेब पितळाचा: पन्नास-पन्नास केसेसचा संच, प्रत्येक डब्यात एक कार्ड. भरणीची संख्या, छाटणी, आणि प्रायमर बसवताना हाताला काय लागलं तेही. प्रायमर जराशा दाबाने सरकून आत गेला तर त्या केसचा प्रायमर बसायचा खिसा सैल झाला आहे. ती केस बाद. दोन-तीन भरण्यांतच खिसे सैल होत असतील तर लोड गरम आहे, बोल्ट काही बोलत नसला तरी. वेचलेलं पितळ या कार्डावर येऊच शकत नाही, कारण पहिलाच रकाना रिकामा राहतो. ते भंगारात द्या.

वही की एक्सेल? टेबलावर आणि रेंजवर वही, त्याच संध्याकाळी एक्सेल. वही हा मूळ दस्तऐवज, एक्सेल ही त्याची नक्कल. एक्सेलचा मोठा उपयोग दोन वर्षांच्या नोंदी चाळायला होतो, पण तिथे तीन खड्डे आहेत. चौकटीचा कोपरा धरून आकडा खाली ओढला की तो कधी कधी तोच न राहता वाढत जातो आणि तुमच्या नोंदीत न भरलेली मापं तयार होतात. आडव्या रेघेने जोडलेले आकडे एक्सेल तारीख समजून बदलून टाकतं. आणि एकाच स्तंभाची क्रमवारी लावली तर वेग एका घाण्याचे आणि मापं दुसऱ्या घाण्याची अशी सरमिसळ होते. म्हणून घाण्याचा क्रमांक प्रत्येक ओळीत असू द्या, आणि माप एक्सेलमधून पाहून कधीही भरू नका. भरताना वही उघडा.

डब्यावरच्या चिठ्ठीत रायफलचं नावही घाला. हा लोड त्या एका चेंबरसाठी आहे. मित्राच्या .३०८ मध्ये तो वेगळा वागेल. अमेरिकेत स्वतःसाठी भरणं आणि विकण्यासाठी भरणं यांत कायदाही फरक करतो, विकण्यासाठी भरायला केंद्रीय परवाना लागतो.

कोल्हापूरच्या मावसभावाला यातलं हँडलोडिंग लागू नाही. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि ते .२२ ने खेळत असतील तर ती काडतुसं मुळात पुन्हा भरता येत नाहीत, कारण प्रायमरचा मसाला केसच्या कडेतच असतो. पण नोंदींचा भाग त्यांना पुरेपूर लागू आहे. पॅरिस २०२४ मध्ये कोल्हापूरच्याच स्वप्निल कुसाळे यांनी ज्यात कांस्य मिळवलं, त्या ५० मीटर तीन पोझिशनसारख्या खेळात एकाच मेकच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच नळीत वेगळे पडतात. लॉटचा क्रमांक, तापमान, रायफल आधाराला घट्ट बसवून प्रत्येक लॉटच्या निदान चाळीस गोळ्या, प्रत्येक भोकाची जागा, त्याच पद्धतीने सरासरी अंतर: त्यांची वही तुमच्यासारखीच दिसेल, फक्त पावडरचे रकाने नसतील.

शेवटी तुम्ही विचारलं आहे की जानेवारीचा तो लोड परत मिळेल का. नाही, तो शोधत बसू नका. त्या पावडरचा लॉट, प्रायमर आणि केस कोणालाच माहीत नाहीत. एकाच लॉटच्या पन्नास नव्या केसेस, पावडरचा एक डबा आणि प्रायमरचा एक लॉट घ्या आणि मॅन्युअलच्या सुरुवातीच्या मापापासून पुन्हा चढा. हे काम ऑगस्टच्या उन्हात करा, काडतुसं सावलीत झाकून. मग तेच घाणे जानेवारीत थंडीत पुन्हा झाडून वेग लिहा. उन्हाळ्यात मर्यादेच्या आत राहिलेला लोड थंडीत फार तर हळू जाईल, आणि किती हळू हे तुमच्या पानावर असेल.